शब्द नसलेले ब्लूज : मूडने नको, नावाने शोधा

अभ्यासिकेत पुस्तक उघडून बसले की अनेकांना कानाला काहीतरी हवे असते. गाणे लावले तर त्याचे शब्द वाचनात घुसतात. मग मोबाईलवर शोध सुरू होतो : अकूस्टिक गिटार, ब्लूज, फक्त वाद्यसंगीत. समोर येतात तासन्‌तास चालणाऱ्या प्लेलिस्ट. पडद्यावर पावसाची खिडकी नाहीतर कॉफीचा कप. वाजवतो आहे कोण, केव्हा वाजवले, कुठे वाजवले, काहीच लिहिलेले नसते. संगीत वाजत राहते, पण ऐकले जात नाही.

थकलेल्या डोक्याला असे संगीत लावण्यात गैर काही नाही. पण ब्लूज हे ज्यांनी घडवले त्यांची नावे पुसण्याचा प्रकार जुना आहे. आपणही ते निनावी ऐकले तर तेच पुढे चालू ठेवतो. म्हणून एक साधा मार्ग सुचवतो. मूडने शोधू नका, नावाने शोधा. संगीतही अधिक चांगले सापडेल.

हे कोणाचे संगीत?

अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली. दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या हाती मात्र जमीन आली नाही. बहुतेकांना गोऱ्या जमीनदाराची जमीन बटाईने करावी लागली. बियाणे उधार, अवजारे उधार, किराणा उधार. हंगाम संपला की हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि शिल्लक राहायचे ते कर्ज. शाळा, रेल्वेचा डबा, पाण्याचा नळ, सगळे वेगळे. त्याच समाजात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्लूज आकाराला आले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, हे आपण जाणतो. ज्या मुक्तीचा तो गौरव होता, त्या मुक्त झालेल्यांची मुले-नातवंडे म्हणजे हे वादक.

१९२० नंतर रेकॉर्ड कंपन्यांना कळले की काळे ग्राहकही रेकॉर्ड विकत घेतात. त्यांनी या रेकॉर्डची वेगळी मालिका काढली आणि तिला नाव दिले 'रेस रेकॉर्ड्स'. माणसांप्रमाणे तबकड्याही वेगळ्या ठेवल्या.

कान कुठे ठेवायचा?

या शैलीत एकच माणूस दोन माणसांचे काम करतो. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, एकसारखा, चालत्या पावलासारखा. बाकीची बोटे बारीक तारांवर धून वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना धून सोडून द्या आणि फक्त अंगठा ऐका. दुसऱ्यांदा बोटे ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. एकच गिटार आहे यावर तेव्हा विश्वास बसणार नाही.

ब्लूजचा नेहमीचा साचा चार-चार मात्रांच्या बारा विभागांचा. पहिले चार विभाग 'सा'च्या घरात, पाचव्यापासून 'म'कडे जाऊन परत, नवव्याला 'प', आणि मग उतरत पुन्हा घरी. सगळेच वादक हा साचा पाळत नाहीत, पण तो एकदा ओळखू आला की कुठे मोडला तेही कळते. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो, ती ब्लूजची खूण. काही वादक बोटात बाटलीची तुटलेली मान घालतात किंवा सुरीचे पाते तारांवर सरकवतात. मींड ऐकलेल्या कानाला ती वळणे परकी वाटत नाहीत.

पाच नावे, या क्रमाने

सिल्व्हेस्टर वीव्हर. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांनी ओके कंपनीसाठी 'गिटार ब्लूज' आणि 'गिटार रॅग' वाजवले. एकट्या गिटारवर वाजवलेल्या ब्लूजच्या या पहिल्या रेकॉर्ड मानल्या जातात. १९३६ मध्ये बॉब विल्स यांच्या गोऱ्या बँडने त्याच धुनेवर बेतलेले 'स्टील गिटार रॅग' काढले आणि ते देशभर गाजले. तोपर्यंत वीव्हर संगीत सोडून लुईव्हिलमध्ये एका श्रीमंत घरी मोटार चालवत होते. १९६० मध्ये ते वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला १९९२ मध्ये.

ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचे अंध रस्त्यावरचे गायक. ते स्वतः ख्रिस्ती भक्तिगीते गायचे, पण त्यांची स्लाइड गिटार ब्लूजचीच. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस शहरात त्यांनी 'डार्क वॉज द नाइट' रेकॉर्ड केले. त्यात आवाज आहे, शब्द एकही नाही. फक्त गुणगुणणे आणि कण्हणे, आणि गिटार त्याला उत्तर देते. पुढे त्यांचे घर जळाले, आणि १९४५ मध्ये ते गरिबीतच गेले. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सुवर्ण तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर पृथ्वीवरच्या २७ संगीतरचना आहेत. ही त्यांपैकी एक. तिच्या लगेच आधी आहे गोव्याच्या केरी गावच्या, कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी. ज्या दोन समाजांना इथे मागे बसवले गेले, त्यांचे सूर तिथे शेजारी बसून चालले आहेत.

लॉनी जॉन्सन. न्यू ऑर्लीन्सचे. १९२८-२९ मध्ये त्यांनी एडी लँग यांच्याबरोबर दोन गिटारींची जुगलबंदी रेकॉर्ड केली. 'अ हँडफुल ऑफ रिफ्स' (१९२९) जरूर ऐका. एकजण आधार देतो, दुसरा उडतो. लँग गोरे होते. काळा आणि गोरा वादक एकत्र दिसू नयेत म्हणून तबकडीवर लँग यांचे नाव छापले 'ब्लाइंड विली डन'. लँग अंधही नव्हते. जॉन्सन यांची बोटे पुढच्या कित्येक गिटारवादकांनी गिरवली. खुद्द ते मात्र १९५० च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात सफाईकाम करत होते.

एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३, नॉर्थ कॅरोलिना. लहान वयातच लोकांच्या घरी कामाला जाऊन त्यांनी पावणेचार डॉलरची गिटार घेतली. त्या डावखुऱ्या, आणि शिकवायला कोणी नाही. त्यांनी उजव्या हाताची गिटार उलटी धरली. त्यामुळे जे काम इतरांचा अंगठा करतो ते त्यांची बोटे करतात, आणि धून अंगठा वाजवतो. पुढे संसार आणि चर्च यांत गिटार कित्येक वर्षे सुटली. साठीच्या आसपास त्या वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या संगीतज्ञ कुटुंबाकडे घरकाम करत होत्या. त्या घरातली गिटार त्यांनी हातात घेतली आणि सगळे परत आले. १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तिच्यातले 'व्हास्टोपोल' आणि 'विल्सन रॅग' हे दोन तुकडे शब्दांविना आहेत. किशोरवयात रचलेले त्यांचे 'फ्रेट ट्रेन' हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्याच दोघांच्या नावावर लागले होते. ते परत मिळवायला झगडावे लागले. नव्वदी ओलांडल्यावर त्यांना ग्रॅमी मिळाले.

रेव्हरंड गॅरी डेव्हिस. साउथ कॅरोलिनात १८९६ मध्ये जन्म, लहानपणापासून अंध. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ते रस्त्यावर वाजवायचे आणि घरी शिकवायचे. फक्त अंगठा आणि तर्जनी वापरून ते जे करतात ते चार बोटांनाही अवघड. केवळ वाद्यसंगीत हवे असेल तर त्यांचा 'द गिटार अँड बँजो ऑफ रेव्हरंड गॅरी डेव्हिस' (१९६४) हा पूर्ण अल्बम ऐका.

आणि जॉन फेही?

वाद्यसंगीत असे शोधले की जॉन फेही हे नाव लवकर येते. ते गोरे, आणि वादक म्हणून मोठे. मिसिसिपीतले विस्मरणात गेलेले काळे वादक शोधून काढण्यात त्यांचा वाटा आहे. त्यांचे ऐकावेच. पण १९५९ मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या पहिल्या तबकडीची एक बाजू 'ब्लाइंड जो डेथ' या बनावट नावाने होती. लँग यांचे खोटे नाव कंपनीची सोय होती, फेही यांचे खोटे नाव थट्टा होती. दोन्ही वेळा गोऱ्या वादकाला अंध काळ्या वादकाचे नाव घालता आले. वीव्हर यांना मात्र स्वतःचे नाव दगडावर यायला ३२ वर्षे लागली. हा फरक लक्षात ठेवून ऐका.

शोधायचे कसे?

वादकाचे नाव, रचनेचे नाव आणि साल, तिन्ही टाका. एखादी रचना आवडली की तिथेच थांबून त्याच वादकाच्या आणखी पाच रचना ऐका. स्वयंचलित यादीला पुढचे ठरवू देऊ नका. फोकवेजचा सगळा संग्रह आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. तिच्या संकेतस्थळावर तबकड्यांसोबतच्या माहितीपुस्तिका मोफत वाचता येतात. १९२३ च्या ध्वनिमुद्रणांवरचा अमेरिकेतला हक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला, म्हणजे वीव्हर यांची ती पहिली तबकडी तिथे आता सर्वांची आहे.

जुन्या रेकॉर्डमध्ये खरखर असते. पहिल्या दिवशी ती त्रास देते, आठवड्याने कानाआड होते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे वादकाला जे म्हणायचे ते तेवढ्यातच.

आपल्या चळवळीने शब्दांवर मोठे काम केले. गाण्यातून, जलशातून विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचला. त्यामुळे शब्द नसले की आपल्याला काही सांगितलेच नाही असे वाटू शकते. विली जॉन्सन यांची ती तीन मिनिटे त्याचे उत्तर आहेत. आज रात्री पुस्तक मिटल्यावर, दुसरे काहीही न करता, एकदा ती ऐका. आणि मित्राला पाठवताना वादकाचे नाव लिहायला विसरू नका.