शेगडी घरात घेण्यापूर्वी

दिवाळी उरकली की प्रवराकाठच्या रात्री गारठू लागतात. पौषात तर पहाटे पाण्यात हात घालवत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो, शिवारात ऊसतोडीच्या कोप्या उभ्या राहिलेल्या असतात आणि घरोघरी माळ्यावरची शेगडी व अंगणातला बंब पुन्हा कामाला लागतो. या दिवसांत दवाखान्यात सर्दी-खोकल्याची गर्दी होते, हे वाचकांना ठाऊकच आहे. पण याच दिवसांत आणखी एका प्रकारचे रुग्ण येतात आणि आपले दुखणे शेगडीचे आहे, असे त्यांतला एकही सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका वस्तीवरून आजी, तिची लेक आणि बाळंतपणाला आलेली नात अशा तिघी एकाच सकाळी आल्या. तिघींचेही डोके ठणकत होते, मळमळत होते. नात दोनदा ओकली होती. तेरा दिवसांचे बाळ सुस्त होते, दूध ओढत नव्हते. ताप कोणालाच नाही. आजी निदान करूनच आल्या होत्या. "डॉक्टर, नजर लागली बघा घराला. रस्त्यानं येता येता बरं वाटाया लागलं, म्हंजे घरातच काहीतरी हाये."

घरातच काहीतरी होते, हे आजींचे म्हणणे खरे होते. मी विचारले, "आजी, शेक कशावर देता?" कोळशाची शेगडी. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला चिंध्या, बाळंतिणीला वारे लागू नये म्हणून. शेक झाला की ओवा-शेपाची धुरी आणि मग तीच शेगडी रात्रभर बाजेखाली. लगेच ऑक्सिजन सुरू केला आणि बाळ-बाळंतिणीला नगरला पाठवले. दुसऱ्या दिवशी बाळ अंगावर पिऊ लागले.

आपल्याकडे एक पक्का समज आहे. धूर येतो तोवर शेगडी अंगणात ठेवायची. कोळसा लालबुंद झाला, धूर संपला की आत घ्यायची. धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून ही रीत पडली असावी. परंतु खरा धोका धूर संपल्यावरही निखाऱ्यात शिल्लक असतो. हवा पुरेशी न मिळता जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. माणूस श्वास घेत असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके जड, मग मळमळ, हातापायांत बळ नाही, मग गुंगी. झोपलेल्याला तर जागही येत नाही. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या गर्भाला तिच्याहूनही जास्त इजा पोचते.

राखेखाली दबलेला निखारा विझलेला नसतो, म्हणून "विझत आलीय" म्हणून शेगडी आत घेणेही तितकेच वाईट. झोपण्यापूर्वी ती बाहेर, पाणी मारून. शेक द्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. मग शेगडी बाहेर नेऊन बाळंतिणीला पांघरूण घाला. रबरी पिशवीतला शेक त्याहून बरा. शेगडीची जाळी राखेने बुजली की खालून हवा मिळत नाही आणि वायू वाढतो, तेव्हा रोज राख झाडावी, दमट कोळसा वापरू नये. कोपीत थंडी कडाक्याची असते हे मान्य, पण लेकरे आत झोपवून दाराला पोते लावून आत निखारे ठेवू नयेत.

बंब हे मोठे गुणी यंत्र. पऱ्हाट्या, तुराट्या, भुसकट, काहीही घाला. हंगामाच्या सुरुवातीला मधले नळकांडे काजळी खरवडून मोकळे करावे, आतले बोअरच्या पाण्याचे क्षार काढावेत आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नये, नाहीतर जोड सुटतात. धुराची वाट तुंबणे ही साधी गोष्ट नव्हे. फ्रान्सचा नामवंत कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या स्वतःच्या घरात एका रात्रीत गेला, तो धुराडे तुंबल्यामुळे. बंबाची जागा अंगणात. नवे घर बांधले की तो न्हाणीघरात सरकतो, हे मला मुळीच पसंत नाही.

गॅस गिझर हा त्याचा धाकटा भाऊ. लहानशी मोरी, वर हातभर झरोका, तोही थंडीत कागद लावून बंद. आंघोळीला गेलेला तरुण आत पडतो, हातपाय झाडतो, घरचे म्हणतात फिट आली. अशा रुग्णांची नोंद आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केलेली आहे. फिट फक्त न्हाणीघरातच येत असेल, तर गोळ्या सुरू करण्याआधी गिझर पाहावा. गिझर व टाकी बाहेर बसवा, ज्योत निळी हवी. पिवळी झाली की कारागिराला बोलवा. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, हॉटेलच्या खोलीतील गॅस हीटरमुळे दगावले.

कोणी असे बेशुद्ध सापडले, तर आधी दारे-खिडक्या उघडा, रुग्णाला उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी ओतू नका. उपचार एकच, भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आत. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र येथे फसवते. विषबाधा असतानाही ते ९८ दाखवते, कारण त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. तेव्हा आकडा चांगला आला तरी खोलीत शेगडी होती, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.