सामायिक खात्यातला इलेक्ट्रॉन

पारनेर तालुक्यातील आमच्या घरी देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असे तो तलाठ्याच्या दप्तराला. कारण वडील तलाठी होते, आणि एकाच शेतावर दोन खातेदार हक्क सांगू लागले म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा आणे-पैमध्ये टिपताना त्यांचा टाक बराच वेळ दौतीवर थबके. पुढे पदार्थविज्ञानाचा अध्यापक या नात्याने मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक मोजमाप पाहण्याचा योग आला, तेव्हा मला तो थबकलेला टाकच आठवला.

चिमूटभर काळसर भुकटी. युरोपियम, पॅलेडियम आणि सिलिकॉन यांचे संयुग. संपतकुमारन, गुप्ता, विजयराघवन, देवरे प्रभृती तेथील संशोधकांनी 1981 मध्ये त्याचे विलक्षण वर्तन प्रसिद्ध केले होते. भुकटीसमोर समेरियमचा किरणोत्सर्गी स्रोत मुंगीच्या चालीने, सेकंदाला दहा-पंधरा मिलिमीटर, मागेपुढे होत होता. आणि एवढ्याशा वेगाने गॅमा किरणांच्या ऊर्जेत पडणारा फरकही युरोपियमच्या अणुगर्भाची जबानी घेण्यास पुरेसा होता. युरोपियमची संयुजा, म्हणजे अणूने सोडून दिलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या, दोन असेल तर शोषणरेषा शून्य वेगापासून सेकंदाला सुमारे दहा मिलिमीटर डावीकडे पडते, तीन असेल तर शून्यापाशी. येथे मात्र दोहोंच्या मध्ये एकच रेषा उभी होती. आतल्या कवचातील सातवा इलेक्ट्रॉन अणूच्या खाजगी खात्यातून धातूच्या सामायिक खात्यात इतक्या त्वरेने ये-जा करतो, की अणुगर्भाला त्या दोन अवस्था पृथक् न दिसता केवळ त्यांची सरासरी दिसते.

द्रव नायट्रोजनने तपमान टप्प्याटप्प्याने उतरविले जाई, आणि प्रत्येक टप्प्यावर रेषा स्पष्ट होईतो तासन्‌तास गणना चाले. 150 केल्विनच्या, म्हणजे उणे 123 अंशांच्या, आसपास मात्र ती रेषा झपाट्याने शून्याकडे सरकली: त्या इलेक्ट्रॉनमधला धातूचा हिस्सा सुमारे पाच आण्यांवरून बारा आण्यांच्या घरात गेला, आणि अणू आकसला.

या फेरफारात उष्णतेचा हात असतो. परंतु दाब देऊन अथवा घटकांचे प्रमाण बदलून असा पालट केवल शून्य तपमानापर्यंत उतरविता आला, तर उष्णतेची लुडबूड संपल्यावरही कब्जा अनिर्णीतच राहतो. त्या स्थानास पुंज-क्रांतिक बिंदू म्हणतात. ज्यात इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड असल्यासारखे वागतात, अशा सिरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या संयुगात फ्रांक श्टेग्लिश यांना 1979 मध्ये अतिवाहकता आढळली. आणि प्रचंड दाबाखाली तीच अतिवाहकता अधिक तपमानापर्यंत टिकते, यामागे अशा बिंदूजवळची संयुजेची ही चलबिचलच असावी, असे मानणारा एक पक्ष आहे.

सामायिकातले रान पडीकच राहायचे, असे वडील म्हणत. त्या पक्षाचे म्हणणे खरे ठरले, तर ज्या रानाच्या मालकीचा निकाल कधीच लागत नाही, त्यातच सर्वांत दुर्मिळ पीक येते, अशी नोंद त्यांच्या दप्तरात करावी लागेल.