सुटलेल्या घोड्याला घर बघताना

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा आहेत, असा निकाल उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये दिला. गाड्या बंद करायला वर्षाची मुदत मिळाली; पण घोड्यांनी जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

उद्या आपल्या खापरखेड्यात कोणी असा म्हातारा घोडा आणला, तर गोठ्यात एक दावे वाढवून भागायचे नाही. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. त्याला ओकताही येत नाही. बुरशी लागलेल्या कुटाराने पोटशूळ उठतो, तो जिवावर बेततो. दात झिजले की चारा भिजवून द्यावा लागतो. खूर दर दीड-दोन महिन्यांनी तासावे लागतात. शिवाय हे कळपाचे जनावर, एकटे झुरते.

मोकळे रान, सोबत अन् जाणता माणूस असेल, तिथेच घोडा द्यावा. नुसत्या दयेने पोट भरत नाही, बाप्पा!