रोजच्या वाक्यांतून स्वाहिली (भाग ५) : पेणहून रोह्याला

दिवा-रोहा गाडी पेणला थांबली की डब्यात एकच वाक्य ऐकू येतं : ‘सरका जरा.’ आज हीच गाडी स्वाहिलीत चालवू. आगगाडी म्हणजे ‘गारि ला मोशि’. मोशि म्हणजे धूर, आणि गारि ही आपल्याकडचीच गाडी, समुद्र ओलांडून तिकडे गेलेली. आपण नाव आगीवरून ठेवलं, त्यांनी धुरावरून.

मधला ‘ला’ हा ‘पेणला’तला नव्हे. तो आपला ‘ची’ : गाडी, धुराची. मुलाचा सदरा, मुलाची पाटी, मुलाचं पुस्तक. आपला चा-ची-चं मालकाकडे ढुंकूनही बघत नाही, वस्तूकडे बघून बदलतो. स्वाहिलीतही तसंच. एक गाडी असेल तर ‘गारि ला मोशि’, अनेक असतील तर ‘मागारि या मोशि’. मुलाचं पुस्तक ‘किताबु चा म्तोतो’, पुस्तकं झाली की ‘विताबु व्या म्तोतो’. इथला ‘चा’ ऐकून हुरळून जाऊ नका, तो निव्वळ योगायोग आहे.

शेजारी मुरूड-जंजिऱ्याचं हबसाण असल्यामुळे स्वाहिली आपल्याला जवळची, असं काहींना वाटतं. पण हबशी म्हणजे हबशचे, अ‍ॅबिसिनियाचे. स्वाहिली त्याच्या दक्षिणेला, केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर वाढली. आपली जवळीक आहे ती व्याकरणात. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा :

किताबु चांगु किप्या किमेआंगुका. माझं नवं पुस्तक पडलं.
विताबु व्यांगु विप्या विमेआंगुका. माझी नवी पुस्तकं पडली.

एक नाम बदललं की अख्खं वाक्य त्याच्या मागे वळतं, दोन्ही भाषांत. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात, एवढाच फरक. ‘माझं नवी पुस्तक पडला’ असं कुणी म्हटलं तर आपल्या कानाला जे खुपतं, तेच तिकडे ‘किताबु व्यांगु’ने खुपतं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं.

गंमत म्हणजे ‘किताबु’ मुळात अरबी किताब. त्यातला ‘कि’ हा शब्दाचाच भाग, पण स्वाहिलीने त्याला एकवचनाचा प्रत्यय समजून अनेकवचन ‘विताबु’ करून टाकलं. पुढे चौकातल्या ‘कीप लेफ्ट’च्या पाटीवरून वाहतूक-बेटाला ‘किपिलेफ्टि’ नाव पडलं. अनेक बेटं? ‘विपिलेफ्टि’!

आता गाडी पुढे काढू. ‘निनाक्वेंडा रोहा’ म्हणजे मी रोह्याला जातो. ‘नि’ मी, ‘ना’ चालू काळ, ‘क्वेंडा’ जाणं. ‘निलिक्वेंडा’ गेलो, ‘निताक्वेंडा’ जाईन. जाते, गेले असं वेगळं काही नाही; बाई असो की बाप्या, क्रियापद तेच. आणि गावाचं नाव जसंच्या तसं, प्रत्ययसुद्धा नाही. आपल्याकडे पेण बिचारं पेणच राहतं, पण रोह्याचा ‘रोहा’ कुठे गायब होतो हे परक्या माणसाला समजावताना घाम फुटतो. इथे स्वाहिली सोपी, मराठी अवघड.

या आठवड्याचा गृहपाठ : ‘किति’ म्हणजे खुर्ची. ‘माझी नवी खुर्ची पडली’ हे आधी एकवचनात, मग अनेकवचनात लिहून ठेवा. उत्तर पुढच्या भागात, माड आणि नारळाबरोबर.