चिठ्ठी, खुर्ची आणि सही

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा बरणीतली चिठ्ठी बहुधा एखादं शाळकरी मूल काढतं. अधिकारी ती उघडून ‘महिला राखीव’ असं वाचतात आणि चार वर्षं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या पॅनेलप्रमुखाचं गणित जागीच कोलमडतं. संध्याकाळपर्यंत घरातली कोणती सून उभी करायची यावर खल सुरू होतो. राज्यघटना म्हटली की आपल्याला उद्देशिका आठवते, मूलभूत हक्क आठवतात. गावात मात्र घटनेचा हात जाणवतो तो खुर्चीवर कोण बसणार आणि कोणाच्या सहीशिवाय पैसा हलणार नाही, या रुक्ष नियमांतून. माझ्या मते तिची खरी ताकद तिथेच आहे.

घटनेच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायत नव्हतीच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कडाडून टीका केली. खेड्यातली जातीची उतरंड त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने आजचा अनुच्छेद ४० आला, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. पाळला नाही तर कोर्टात दाद नाही. हे चित्र पालटलं ते ७३व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३पासून. अनुच्छेद २४३घ मुळे किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच अध्यक्षपदं महिलांकडे आली, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळाला. आंबेडकरांच्या आक्षेपाला चव्वेचाळीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर, अपुरं का होईना. महाराष्ट्राने २०११मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला.

यावर ठरलेला आक्षेप म्हणजे ‘सरपंचपती’. सही बाईची, कारभार नवऱ्याचा. हल्ली तर तिच्या डिजिटल सहीची डोंगलही त्याच्याच खिशात. हे खोटं नाही. पण बाई निव्वळ बाहुली असती, तर तिला खाली खेचायला गावाने एवढा आटापिटा कशाला केला असता? जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याची महिला सरपंच सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते, अशी तक्रार झाली. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे तिचं म्हणणं. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पदावर परत बसवलं आणि बाईच्या हाताखाली कारभार चालणं गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, हे निकालात नोंदवलं. बाई निव्वळ बाहुली नसते, हे आकडेही सुचवतात. संशोधक राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधलं बीरभूम आणि राजस्थानातलं उदयपूर इथल्या एकूण २६५ पंचायती तपासल्या. दोन्हीकडे जिथे प्रमुखपद महिलांसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. ते पद कोणाला मिळणार हे फिरत्या आरक्षणाने ठरत असल्यामुळे, मुळातच पुढारलेल्या गावांनी बायका निवडल्या असतील ही शंकाही उरत नाही.

मला खरा आक्षेप वाटतो तो वेगळाच, आरक्षण दर खेपेला फिरण्याचा. बीरभूममध्येच नंतर दिसलं की लागोपाठ दोन निवडणुकांत पद राखीव राहिलं तिथे खुल्या जागांवरही जास्त बायका उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. एका खेपेत हे साधलं नव्हतं. आपल्याकडे मात्र दप्तर कळू लागतं, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याचं धाडस येतं, तोवर मुदत सरते आणि पुढच्या सोडतीसाठी बरणी पुन्हा टेबलावर येते.