अंड्याला हवी बेताची आच

अंडं उकडायचं म्हणजे पातेल्यातलं पाणी खळखळ उकळलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो. अंड्याला मात्र १०० अंशांची गरज कधीच नसते. त्यातला पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास दाट व्हायला लागतो. बलक ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० पर्यंत आळतो. रबरासारखा पांढरा भाग, घशाला कोरड पाडणारा बलक, भुर्जीच्या तळाशी साचलेलं पाणी, या सगळ्या तक्रारी जास्तीच्या उष्णतेच्या आहेत. म्हणून अंड्याचे पदार्थ शिकायचे तर मसाल्यांच्या आधी आच शिकावी.

अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात, बाकी जवळजवळ सगळं पाणी. प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या कच्च्या अंड्यात घड्या घालून बसलेल्या असतात. उष्णता लागली की घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्यात धरलं जातं, म्हणूनच पातळ अंडं आळून मऊ होतं. आच चालूच ठेवली तर जाळं आवळत जातं आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. खरी गंमत अशी, की पांढऱ्या भागातली सगळी प्रथिनं एकाच वेळी आळत नाहीत. ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन ६१-६२ अंशांनाच उलगडतं. पण प्रथिनांत ज्याचा वाटा निम्म्याहून जास्त, ते ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांपर्यंत दाद देत नाही. बलक या दोघांच्या मध्ये. पांढरा भाग घट्ट आणि बलक मऊ ठेवणं अवघड जातं ते यामुळे.

भुर्जीपासून सुरुवात करू, कारण तिथे हे डोळ्यांनी पाहता येतं. कांदा-मिरची परतून टोमॅटो घातला की त्याचं पाणी पूर्ण आटू द्यावं. अंडी आधीच मीठ घालून फेटून ठेवावीत. मिठामुळे प्रथिनांवरचा विद्युतभार बदलतो, ती एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत आणि ओलावा टिकतो. मग गॅस बारीक करून अंडी ओतायची आणि क्षणभर हात लावायचा नाही. कडेला फिकट पिवळी साय धरू लागते, ती उलथन्याने हळूच मधे ओढायची. मोकळ्या जागेत पातळ अंडं पसरतं, पुन्हा साय धरते. सगळं आळलं पण अजून चकाकतंय, तेवढ्यात गॅस बंद. उरलेलं काम कढईची उष्णता करते. दोन चमचे दूध घातलं तर प्रथिनं विरळ होतात, अंडं थोडं उशिरा आणि मऊ आळतं. मुंबईच्या पारशी घरांतली अकुरी तर याहूनही ओली असताना उतरवतात. माझ्या मते भुर्जीनेही तिच्याकडून एवढं घ्यायला हरकत नाही.

हाफ फ्रायला लोक घाबरतात ते बलकाभोवतीच्या पाणचट कड्यामुळे. तळ करपायला आला तरी तिथला पांढरा भाग पारदर्शकच राहतो. तिथे दाट पांढऱ्या भागाचा थर उंच असतो आणि तव्याची उष्णता वर पोचायला वेळ लागतो. उपाय एकदम सोपा: कडा पांढऱ्या झाल्या की तव्याच्या बाजूला चमचाभर पाणी सोडायचं आणि झाकण ठेवायचं. वाफ अंड्यावर निवते, निवताना उष्णता देते आणि वरची बाजू अर्ध्या-एक मिनिटात आळते. उलटवायची गरजच नाही. लहान मुलं, गरोदर बायका आणि वृद्ध यांना मात्र बलक पूर्ण आळलेलाच द्यावा, कारण कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

हाफ फ्रायला अंडं ताजं हवं; उकडायला मात्र आठवडाभर जुनं बरं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो कवचाच्या हजारो छिद्रांतून हळूहळू निघून जातो आणि पांढऱ्या भागाचा सामू पावणेआठच्या आसपासून नऊच्या वर जातो. असं अंडं कवचाच्या पापुद्र्याला कमी चिकटतं आणि सोलताना खड्डे पडत नाहीत. अंडी गार पाण्यात ठेवून तापवण्यापेक्षा उकळत्या पाण्यात अलगद सोडली तरी सोलणं सोपं होतं. मग आच मंद करावी. सहा-सात मिनिटांत बलक मऊ राहतो, दहा-अकरा मिनिटांत घट्ट होतो. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर पांढऱ्या भागातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि बलकाभोवती हिरवट करडं कडं उमटतं. अपाय काही नाही, पण चव आणि रूप दोन्ही जातात. अंडी लगेच गार पाण्यात टाकली की हे थांबतं.

इटलीत नेपल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये पांढरा भाग आणि बलक दोन्ही नेमके आळवण्याच्या अडचणीवर एक अजब उपाय प्रसिद्ध केला. अंडं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग दोन मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात, असं आलटून पालटून ३२ मिनिटं. बाहेरचा पांढरा भाग तापतो-निवतो, पण आतल्या बलकाला त्या चढउतारांची फक्त सरासरी जाणवते आणि तो ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतो. पांढरा भाग घट्ट, बलक लोण्यासारखा. सकाळच्या डब्याच्या घाईत हे जमणार नाही. रविवारी मुलांना हाताशी घेऊन, दोन पातेली आणि घड्याळ मांडून जरूर करून पाहावं.

मुलांसाठी दुसरा प्रयोग फुगीर ऑम्लेटचा. पांढरा भाग वेगळा काढून फेस येईपर्यंत घुसळायचा, मग त्यात बलक हलक्या हाताने मिसळायचा. भांड्याला तेलाचा हात किंवा बलकाचा थेंब लागलेला असेल तर फेस धरत नाही, कारण हवेचे बुडबुडे धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या कामात स्निग्धांश आडवा येतो. याउलट गोव्यातल्या गाड्यांवर मिळणाऱ्या रस ऑम्लेटला फुगण्याची गरजच नसते. कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट, त्यावर नारळाचा झणझणीत रस आणि सोबत पाव. कोरडेपणाचा प्रश्न रसच सोडवतो!

आच बेताची पुरते याचा पुरावा डोंगरावर मिळतो. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं: पुण्यात ९८ अंशांना, महाबळेश्वरला ९५-९६ ला, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८ च्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यातली डाळ तासन्‌तास शिजत नाही, कुकर लावावाच लागतो. अंडं मात्र साध्या पातेल्यात व्यवस्थित उकडतं, काही मिनिटं जास्त लागतात एवढंच.