गाईला लागू पडणारा सोडा आणि माणसाचे पचन

बारामती-इंदापूरच्या दुधाच्या पट्ट्यात खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दोन ठिकाणी हमखास असतो: गोठ्यात आणि स्वयंपाकघरात. गाईने भरडा किंवा पेंड जास्त खाल्ली आणि रवंथ मंदावले की तिला सोडा देतात, आणि बऱ्याचदा गुण येतो. त्यावरून एक समज सहज तयार होतो. पोटातले आम्ल पचन बिघडवते आणि सोडा ते मारतो, तेव्हा जेवणानंतर सोडा किंवा फसफसणारी पूड घेतली की माणसाचेही अन्न लवकर पचेल. या समजाचा पायाच चुकीचा आहे. माणसाच्या पचनाला आम्ल लागते आणि बायकार्बोनेटही लागते, पण दोन्ही वेगवेगळ्या जागी. बायकार्बोनेट योग्य जागी, योग्य वेळी पोचवण्याची व्यवस्था शरीरात आधीपासून आहे.

दुसरा गैरसमज पित्ताबद्दलचा. छातीतली जळजळ, आंबट ढेकर आणि पिवळी कडू उलटी या सगळ्यांना आपण ‘पित्त’ म्हणतो. आयुर्वेदातला पित्तदोष ही त्याहून व्यापक कल्पना आहे, तिचा विचार इथे नाही. इथे प्रश्न शरीरातल्या दोन रसांचा आहे. जळजळ करणारे आंबट द्रव्य म्हणजे जठरात तयार होणारे हायड्रोक्लोरिक आम्ल. पिवळा-हिरवा कडू रस म्हणजे पित्तरस, आणि तो आम्ल नाही. तो यकृतात दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर तयार होतो. पित्ताशय तो तयार करत नाही, फक्त साठवते आणि घट्ट करते. पित्तरसात पाचक विकरे जवळजवळ नसतातच. त्यातले पित्तक्षार तुपातेलाचे बारीक थेंब करतात, आणि मग स्वादुपिंडातले लायपेझ हे विकर त्या थेंबांवर काम करू शकते. काम झाल्यावर सुमारे 95 टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन पुन्हा यकृतात जातात. रिकाम्या पोटी वारंवार ओकारी आली की हाच रस आतड्यातून उलटा जठरात येतो. त्यामुळे उलटीचा पिवळा रंग आम्ल वाढल्याचा पुरावा ठरत नाही.

आम्लाचे काम जठरात आहे. माती परीक्षणाच्या अहवालामुळे ‘सामू’ (pH) हा शब्द इकडच्या शेतकऱ्याला परिचित आहे. जठररसाचा सामू 1 ते 2 इतका खाली असतो. प्रथिने तोडणारे पेप्सिन अशाच आम्लात उत्तम चालते, आणि अन्नाबरोबर आलेले बरेच जंतू तिथेच मरतात. पण हेच आम्ल लहान आतड्यात तसेच गेले तर तिथली विकरे निकामी होतील. म्हणून आम्लयुक्त अन्नरस लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, शिरताच तिथल्या पेशी सिक्रेटिन नावाचा संदेश रक्तात सोडतात. लंडनमध्ये 1902 साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी तो शोधला, आणि संप्रेरकांची कल्पनाच या शोधातून उभी राहिली. सिक्रेटिन पोचताच स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस सोडते, आणि पित्तनलिकाही त्यात भर घालतात. स्निग्ध अन्न आल्यावर कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक पित्ताशय आकुंचित करते. याचा अर्थ, स्वादुपिंडाला बायकार्बोनेट सोडण्याची मुख्य सूचना आम्लाकडूनच मिळते. दोन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत.

ही साखळी बिघडली तर काय होते, याचा पुरावा आजारांत सापडतो. 1955 मध्ये झोलिंजर आणि एलिसन यांनी वर्णन केलेल्या आजारात आम्ल इतके वाढते की आतड्यातले बायकार्बोनेट अपुरे पडते, लायपेझ निकामी होते आणि न पचलेली चरबी शौचावाटे जाते. म्हणजे बायकार्बोनेट पचनाला आवश्यक आहे, हे खरेच. मात्र ते आतड्यात हवे. तोंडाने घेतलेला सोडा आधी जठरात पोचतो, आणि तिथे पेप्सिनला हवे असलेले आम्लच कमी करतो.

मग गाईला सोडा कसा चालतो? कारण गाईच्या पोटाचा पहिला कप्पा, कोटीपोट, म्हणजे आपले जठर नव्हे. तिथे आम्ल स्रवत नाही, तिथे सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यांना साधारण 6 ते 7 सामू लागतो. रवंथ करताना दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ येते, आणि तिच्यातले बायकार्बोनेट हा सामू राखते. भरडा जास्त झाला की आंबवण जोरात होते, रवंथ आणि लाळ कमी पडते, सामू घसरतो. सोडा ती उणीव भरून काढतो. पण त्याच गाईच्या चौथ्या कप्प्यात आपल्यासारखेच आम्ल असते आणि पुढे पित्तरस व स्वादुपिंडाचा रस त्याच क्रमाने येतात. गाईचे उदाहरण सोड्याची बाजू घेत नाही. जागा बदलली की गरज बदलते, हेच ते सांगते.

यावर कोणी म्हणेल, सोड्याने बरे वाटते हे तर खरे ना? खरेच. आम्ल काही वेळ कमी होते, ढेकर येतो, जळजळ थांबते. पण जळजळ थांबणे आणि अन्न पचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देतात त्या अल्सर भरून यावा, अन्ननलिकेचा दाह कमी व्हावा यासाठी. जेवण पचवण्यासाठी नाही. सोडा घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हेही बरोबर नाही. 5 ग्रॅम सोड्यात सुमारे 1.4 ग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा 2 ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा भार झेपत नाही. सोडियम आणि बायकार्बोनेट साचले की चांगली काळी जमीनही चोपण होते, हे नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्षेत्राला वेगळे सांगायला नको.

पित्ताशय काढले की तूप कायमचे बंद, हाही असाच अर्धवट समज. यकृत पित्तरस करतच राहते. तो साठून एकदम न येता थोडा थोडा आतड्यात उतरतो. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, पण बहुतेक जण पुढे नेहमीसारखे जेवतात.

पुन्हा सोड्याकडे येऊ. आठवड्यातून अनेकदा त्याची गरज पडत असेल, तर ती तपासणीची वेळ समजावी. गिळताना त्रास, काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणे, उजव्या बरगडीखाली तीव्र कळ किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर एक तासही वाया घालवू नये, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. छातीतल्या प्रत्येक जळजळीला पित्त समजू नये, कारण हृदयविकाराचा झटकाही तसाच भासतो. सोड्याने मिळालेला तात्पुरता आराम अशा वेळी निदान लांबवतो, आणि त्याचा सर्वात मोठा धोका हाच आहे.